बुडावरची चंद्रकोर

हे मी आजवर कुणापुढंच काढलेलं नाही. बायकोपुढं नाही, सख्ख्या भावापुढं नाही, आणि बस्तीत, आमच्या जैन देवळात, मूर्तीपुढं हात जोडून बसतो तिथंही नाही. तिथं तर मुळीच नाही. पाच वर्षं होऊन गेली. आज शनिवार, दुपारची वेळ, खाली दुकानाचं शटर अर्धं ओढलंय. मी माडीवर, चारही भिंतींना डबे लावलेल्या खोलीत बसून लिहायला घेतलंय, तर अक्षर वाकडं येतंय. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, ‘अण्णांचा हात म्हणजे काय बघायचं काम नाही’ म्हणतील. आता येऊन बघा म्हणावं.

मला भीती वाटतेय. साधीसुधी नाही हो. सकाळपासून दोन घास उतरलेले नाहीत. उन्हानं पत्रा तापला की ह्या खोलीतले डबे मधूनच टक्क करतात. चैत्रात रोजच करतात, मला त्याची सवय आहे. आज मात्र प्रत्येक टक्कला दचकतोय. कशाची भीती? पोलिसाची नाही. कुणी मारेल त्याची नाही. उद्या सकाळी कुंडलला एका अंगणात एक रिकामा डबा कात्रीनं कापायचाय. त्याची.

एका डब्याची एवढी भीती? थांबा, मुळापासून सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही.

सांगलीत आमचं भांड्यांचं दुकान. आजोबांनी तांब्या-पितळेवर चालवलं, वडिलांनी स्टील आणलं, आणि मी — मी बियरचे आणि सरबताचे रिकामे डबे आणले. हसा. सगळेच हसतात. आम्ही जैन माणसं, दिवे लागायच्या आत जेवणारी, आणि आमच्या माडीवर हजारभर डबे, त्यातले निम्मे बियरचे. दारूचा थेंब जिभेला लावलेला नाही, पण नाकानं कुठली बियर ते सांगतो. सुनंदा म्हणते, “न पिता बेवडा झालेला सबंध जिल्ह्यात एकच माणूस, आणि तो नेमका माझ्याच नशिबी.” सुनंदा माझी बायको.

सुरुवात अशी झाली. एक रिटायर हवालदार मिलिटरी कॅन्टीनचा एक डबा घेऊन दुकानात आले. “अण्णा, ह्याला कान लावून द्या, च्याला मग हुईल.” मी डबा उलटा केला. बुडावर उठावाच्या तीन गोल कड्या, मध्ये एक बारीक आकडा. हा डबा कुठं तयार झाला असेल? कुठल्या यंत्रावर? कुणाच्या हाताखाली? एवढाच प्रश्न होता. त्यानं माझी तीस वर्षं खाल्ली.

आमच्या भागात घराआड एक फौजी. सुट्टीवर येताना कॅन्टीनचे डबे यायचे, आणि रिकामा झाला म्हणून डबा कुणी टाकायचं नाही. कुणाच्यात खिळे, कुणाच्यात दात घासायचे ब्रश, कुणी फूल लावलेलं. मी एका डब्याला एक स्टीलची वाटी द्यायचो. कवठे महांकाळपासून फलटणपर्यंत बायाबापड्या मला ‘वाटीवालं अण्णा’ म्हणून ओळखतात. मग बुडावरच्या खुणांवरून कारखान्यांचा माग काढायचा. कुठला कारखाना कधी चालला, कधी बसला, त्याचा साचा कुणी विकत घेतला. साचा झिजतो, साच्याला चरा पडतो, आणि तो चरा पुढच्या प्रत्येक बुडावर उठतो. माणसाच्या हाताच्या ठशासारखंच ते. एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

आता एक रीत सांगतो, ती नीट ध्यानात घ्या, कारण सगळं तिच्यावर आहे. भरलेला डबा जमवणाऱ्याच्या हाती आला तर तो वरून उघडायचा नाही. वरची कडी शाबूत राहिली पाहिजे. डबा उलटा करायचा, बुडाला कडेशी दोन बारीक भोकं पाडायची, एक आतलं बाहेर यायला, एक हवा आत जायला, आणि सावकाश रिकामा करायचा. मी त्यासाठी चांभाराची आरी वापरतो, तीन धारांची. आणि नियम असा की भोक खुणेपासून दोन बोटं लांब. खूण फोडली तर डबा मेला. माझ्या हातून असा एकही डबा मेला नव्हता. लोक मुंबई-पुण्याहून डबे माझ्याकडं रिकामे करायला पाठवायचे!

तर पाच वर्षांपूर्वी मी एक पुस्तक लिहिलं. आपल्या भागातले डब्यांचे कारखाने, त्यांचा इतिहास. लहानसंच, पण माझ्या जिवाचं. त्यात एक प्रकरण साताऱ्याच्या एका शेडवर होतं. औद्योगिक वसाहतीच्या टोकाला एक शेड होती, तिथं आंब्याच्या रसाचे डबे निघायचे, दीड-दोन वर्षं, आणि मग बंद पडली. तिचे मालक भाऊसाहेब (हे त्यांचं खरं नाव नाही) वयानं माझ्या वडिलांसारखे, भरघोस मिशा, बोलायला गोड. त्यांनी मला फोटो दिले, चहा-पोहे दिले, दोन दोन तास बसून सांगितलं. म्हणाले, डबे आम्ही बाहेरून तयार आणायचो. इथं फक्त रस भरायचो. यंत्रबिंत्र काही नव्हतं. मी लिहिलं. ते वाक्य मला पाठ आहे: ‘या शेडमध्ये डबे कधीच तयार झाले नाहीत, ते केवळ भरले जात.’ कधीच. केवळ. असले शब्द लिहिताना किती बरं वाटतं, नाही?

पुस्तक छापून बांधणीला गेलं. साताऱ्याला प्रकाशन ठरलं, भाऊसाहेबांच्याच हस्ते. पत्रिका वाटून झाल्या. आणि भाऊसाहेबांनी कबूल केलं होतं की त्यांच्याकडचे जुने चाळीस डबे ते त्या दिवशी व्यासपीठावर मला देणार. चाळीस! त्यातले काही मी उभ्या आयुष्यात फक्त चित्रात पाहिलेले.

प्रकाशनाला आठ दिवस होते, तेव्हा दत्तूतात्या आले.

कुंडलचे. साठीच्या पुढं, सडसडीत, धुतलेली टोपी, हातात कापडी पिशवी. एसटीनं आले होते. सुनंदानं चहा दिला तर त्यांनी कप उजव्या हातात धरला तो अंगठा आणि दोन बोटांत. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं — दोन्ही नव्हती. मुळापासून. पिशवीतून त्यांनी पंच्यात गुंडाळलेला एक डबा काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. त्याच शेडचा, आंब्याच्या रसाचा. भरलेला. पस्तीस वर्षं न उघडलेला. पोट फुगलेलं, शिवणीला ओल. आज ना उद्या फुटला असता.

त्यांनी सांगितलं ते मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगतो. त्या शेडमध्ये मागच्या अंगाला, पत्र्याच्या आडोशाला, एक पायानं दाबायचं जुनं प्रेस होतं. डब्यांची बुडं त्याच्यावर निघायची आणि ती काढायचे दत्तूतात्या. प्रेसला कागद नव्हते, परवाना नव्हता. एके दिवशी हात घसरला. तात्यांना तेव्हा साडेसाती सुरू होती. त्यांच्या आईनं काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी करून मधल्या बोटात घातली होती. प्रेस अंगठीसकट बोटांवर बसलं. बोटं गेली. अंगठी चेपली. आणि नालेच्या लोखंडानं साच्याला नखाएवढी खोक पाडली, चंद्रकोरीसारखी. मालकानं प्रेस पुसून घेतलं आणि दुपारच्या पाळीला पुन्हा चालू केलं. त्या दुपारपासून निघालेल्या प्रत्येक बुडावर ती चंद्रकोर उठली. एका दोस्तानं दवाखान्यात रस प्यायला म्हणून एक डबा आणला. तात्यांनी तो उलटा करून बघितला, आणि प्यायले नाहीत. ठेवून दिला.

पण दवाखान्यात नोंद काय झाली? मालक म्हणाले, कारखान्याचं नाव काढू नको, गुऱ्हाळावर चरकात हात गेला म्हण, तुझं काम तुला परत देतो. तात्या म्हणाले तसं. वेदना सोसेना म्हणून दोस्तांनी घोटभर पाजली होती, तिचा वास येत होता. झालं. गावानं जोडून टाकलं, दत्त्यानं दारू पिऊन चरकात हात घातला. महिन्याभरात शेड बंद पडली. नंतर तात्या घसा फोडून खरं सांगू लागले, पण एकदा खोटं बोललेल्या माणसाचं दुसऱ्यांदा कोण ऐकतंय? त्यांचा मुलगा जयवंत तेव्हा चौथीत होता. शाळेत पोरं त्याला बोटं दुमडून दाखवायची. तो मोठा झाला, फौजेत गेला, वर्षाकाठी एकदा यायचा आणि बापाशी दोन शब्दांच्या वर बोलायचा नाही. बापाच्या हाताकडं तर बघायचाच नाही.

“मला दुसरं काय नगं, अण्णा,” तात्या म्हणाले. “तुमी पुस्तकं लिवणारी मान्सं. दोन वळी लिवून द्या, की ह्यो डबा साताऱ्यात झाला. तुमी म्हनला तर माझा जयवंत मानंल. आन् डबा फुटायच्या आत रिकामा करून द्या. फकस्त खुणंला धक्का लावू नगा.”

मग त्यांनी कनवटीची पुडी सोडली. त्यात ती अंगठी. चेपून अर्धी झालेली, काळी. डबा उलटा करून त्यांनी ती बुडावरच्या चंद्रकोरीवर ठेवली. हलवलीही नाही. नुसती ठेवली — आणि ती बसली. अंगठीच्या वाकाशी वाक, नालेच्या खिळ्याच्या खाचेशी खाच. जमवणारा म्हणून सांगतो, तीस वर्षांत एवढा धडधडीत पुरावा मी पाहिला नव्हता.

आणि त्याच क्षणी — हे लिहितोय, कारण इथवर आल्यावर झाकायचं काय — त्याच क्षणी मला तात्यांची दया आली नाही. मला माझं वाक्य आठवलं. कधीच. केवळ. बांधणीला गेलेलं पुस्तक आठवलं, वाटलेल्या पत्रिका आठवल्या, भाऊसाहेबांच्या मिशा आठवल्या, चाळीस डबे आठवले. भाऊसाहेब माझ्याशी खोटं बोलले होते. मी ते छापलं होतं. काय अवघड होतं हो? एक शुद्धिपत्र छापून चिकटवायचं. चार ओळींची चिठ्ठी! पण भाऊसाहेब रागावतील, व्यासपीठावर येणार नाहीत, लोक म्हणतील अण्णांना एवढंही कळलं नाही... मला घाम फुटला. मी घाबरलो. माझं सगळं पाप त्या घाबरण्यात आहे. रागानं केलं असतं तर निदान राग तरी म्हणता आला असता.

मी म्हणालो, “तात्या, तुम्ही खाली बसा, सुनंदा जेवायला वाढतेय. मी वर रिकामा करून आणतो.”

ते जिना उतरले. भाकरीचा वास वर येत होता. सुनंदा त्यांना आग्रह करत होती, तिचा आवाज ऐकू येत होता. मी डबा मोरीत उलटा धरला. आरी घेतली. आणि दोन बोटं लांब नाही — मी ती चंद्रकोरीच्या बरोबर मधोमध टेकवली. क्षणभर थांबलो. थांबलो होतो, हे विसरत नाही मी. म्हणजे हात घसरला नाही, घाई झाली नाही. मग दाबली. फस्स करून आंबूस पाणी उडालं, माझ्या शर्टावर, तोंडावर. आणि एरवी आरी टोचून लगेच काढतो, ती मी काढली नाही. फिरवली. गोल फिरवली, तीन वेळा. पत्रा तीन पाकळ्यांनी फाटला आणि आत वळला. वरून बघायला नुसतं एक ओबडधोबड भोक राहिलं.

खाली आलो तर सुनंदा म्हणाली, “अगोबाई, एवढा घाम कसला? आणि तोंडाला काय उडालंय?” मी तात्यांच्या हातात डबा दिला. म्हणालो, “माफ करा तात्या. डबा फुगलेला होता, हात घसरला.”

त्यांनी डबा उलटा केला. अंगठ्यानं भोक चाचपलं. बराच वेळ. मी त्यांच्या त्या हाताकडं बघत होतो, दुसरीकडं बघायची हिंमत नव्हती. मग ते हळूच म्हणाले, “असू द्या. माझाबी घसरला हुता.”

आणि डबा पंच्यात गुंडाळून, सुनंदाला “भाकरी लय ग्वाड हुती, वैनी” म्हणून ते निघून गेले. दोन ओळी मी लिहून दिल्या नाहीत. त्यांनीही परत मागितल्या नाहीत.

प्रकाशन झालं. शाल, श्रीफळ, टाळ्या. चाळीस डबे मिळाले. ते आत्ता माझ्या पाठीमागच्या फळीवर आहेत. पहिले काही महिने मी ते रोज पुसायचो. नंतर त्या फळीकडं पाठ करून बसायला लागलो. आता कळेल तुम्हाला, ह्या खोलीत खुर्ची दाराकडं तोंड करून का आहे ते.

एवढ्यावर संपलं असतं तरी पुष्कळ होतं. पण मी दुसऱ्यांदाही केलं. ते पहिल्यापेक्षा वाईट.

त्याच वर्षी दिवाळीत जयवंत सुट्टीवर आला आणि एक दिवस सरळ दुकानात उभा राहिला. उंच, पीळदार, फौजी केस. हातात तोच पंचा. मोटरसायकलवरून आले होते दोघं, पण तात्या वर आले नाहीत, दुकानाच्या पायरीवर टोपी हातात घेऊन बसून राहिले. जयवंत माडीवर येऊन माझ्यासमोर बसला. त्याच्या बोलण्यात तिरसटपणा होता, पण डोळ्यांत — कसं सांगू? — डोळ्यांत आशा होती. एवढ्या वर्षांनी त्याला बापावर विश्वास ठेवायचा होता. कुणीतरी फक्त हो म्हणायला पाहिजे होतं.

“अण्णा, मी ह्यातलं काय जाणत न्हाई. तुमी जाणता. कन्फर्म सांगा. हितं खूण हुती का?”

एक शब्द. ‘होती.’ एवढाच. दोन अक्षरांचा शब्द. मी म्हणालो, “गंज होता. गंजाला कधी कधी असा आकार येतो. म्हाताऱ्या माणसाच्या मनाचं काय, दिसतं त्यांना काहीतरी.”

तो उठला, नमस्कार केला, गेला. मी माडीच्या खिडकीतून बघत होतो. तात्या पायरीवरून उठले आणि मुलाच्या तोंडाकडं बघितलं. त्यांना कळलं. जयवंतनं त्यांच्याकडं न बघता गाडीला किक मारली. तात्या मागं बसले. रस्ता खड्ड्यांचा, माणूस पुढच्याच्या खांद्याला धरतो की नाही? त्यांनी तो हात मुलाच्या खांद्यावर ठेवला नाही. मागची कडी धरली.

त्यानंतर मी काय केलं? तुम्हाला ऐकून संताप येईल. आमच्यात पर्युषण संपलं की क्षमावाणी असते. त्या दिवशी एकमेकांना ‘उत्तम क्षमा’ म्हणायचं, कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफी मागायची. मी दरवर्षी यादी करून फोन लावतो, गिऱ्हाईकांना, पाहुण्यांना, सगळ्यांना. त्या यादीत मी तात्यांचं नाव घातलं! चार वर्षं, दर भाद्रपदात, मी त्यांना फोन करून तेच सरसकट वाक्य म्हणालो, कळत-नकळत. आणि ते म्हणायचे, “आवं अण्णा, तुमी कशाला? मीच तुमाला लय तरास दिला.” फोन ठेवला की मला बरं वाटायचं. दोन-तीन दिवस चांगली झोप लागायची. बघा.

गेल्या पौषात तात्या गेले. मी मातीला गेलो नाही. दुकानात सुगीची गर्दी आहे, असं सुनंदाला सांगितलं. ती एकटी जाऊन आली. आल्यावर म्हणाली, जयवंत आता कायमचा गावी आलाय, नायब सुभेदार होऊन रिटायर झाला, पण शेवटचं वर्षभर बापलेक एका घरात राहून मुक्यासारखेच होते. मी वरणात चमचा फिरवत बसलो.

मला वाटलं — लाज वाटते लिहायला — मला वाटलं, सुटलो. आता विचारणारं कोण उरलं?

काल सकाळी फोन आला. जयवंतचा. तात्यांची ट्रंक आवरताना त्याला डबा सापडला आणि डब्याबरोबर ती अंगठीची पुडी. तो फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपला होता, पत्र्यातलं त्याला कळतं. त्यानं बॅटरी लावून भोकात बघितलं. “अण्णा, पत्रा तुटल्याला न्हाई. कड आत वळलीया, तीन पाकळ्या हायत. कापून सरळ केल्या तर काय हुतं ते आपसूक दिसंल. आयतवारी सकाळी या. मी एकटा करत न्हाई, तुमच्या म्होरं करायचं.”

हे मला पाच वर्षं माहीत आहे. आरीनं पत्रा नाहीसा होत नाही, तो फक्त आत वळतो. चंद्रकोर त्या तीन पाकळ्यांवर तशीच आहे, तोंड आत करून. तात्यांच्या हयातीत कुठल्याही दिवशी मी एसटीत बसलो असतो, एक कात्री आणि एक हातोडी घेऊन, तर पंधरा मिनिटांचं काम होतं. मला एकट्याला माहीत होतं. रोज माहीत होतं.

मी फोनवर कसाबसा म्हणालो, “अरे, मी कशाला? तूच काप की.”

तर तो म्हणाला, “न्हाई अण्णा. कात्री तुमीच चालवा. तात्या जायच्या आदल्या दिशी येवढंच बोललं. म्हनलं, भांडीवाल्या अण्णाचा हात कवा घसरत न्हाई.”

फोन बंद झाला तरी मी तो कानाला लावून उभा होतो.

जयवंतनं ते कौतुक म्हणून सांगितलं, की कळून? त्याच्या आवाजावरून मला उमगलं नाही, आणि तेच धरून कालपासून मी जळतोय. पण तात्यांना काय म्हणायचं होतं ते मला उमगलं. त्यांना माहीत होतं. भोक चाचपलं त्याच वेळी कळलं होतं. घसरलेल्या हाताचं भोक कसं असतं आणि फिरवलेल्या हाताचं कसं, ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार? कळून त्यांनी भाकरीची चव सांगितली. कळून चार वर्षं माझे फोन घेतले. पायरीवर बसून राहिले, वर आले नाहीत, ते मला त्यांच्या तोंडावर खोटं बोलावं लागू नये म्हणून? की माझं तोंड बघवत नव्हतं म्हणून? हे विचारायला आता तात्या नाहीत.

तुम्ही म्हणाल, आता तरी सांगतोय ना. नाही. तो फोन आला नसता तर मी हे लिहिलं नसतं, हे आधी लिहून ठेवतो. पश्चात्तापानं नाही, भीतीनं लिहितोय. कात्री लावायच्या आधी, अंगणात सगळ्यांसमोर, माझ्या तोंडानं सांगायचं असं ठरवलंय. पण मी मला ओळखतो. तिथं चार माणसं बसलेली असतील, कुणीतरी “या, वाटीवालं अण्णा” म्हणेल, चहा येईल, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटेल. म्हणून ही पानं बरोबर नेणार आहे. बोलता नाही आलं तर जयवंतच्या हातात देईन. सुनंदाला निघायच्या आधी वाचायला देईन. ते अजून जमलेलं नाही. आत्ता ती खाली पापड वाळत घालतेय, गुणगुणतेय, आणि मला जिना उतरायची भीती वाटतेय.

‘उत्तम क्षमा’ म्हणणार नाही. तो शब्द मी चार वर्षं वापरून उष्टा केलाय.

कात्रीला धार लावून झाली. पिशवीत घातली, लाकडी हातोडी घातली, पत्रा टेकवायला लहानशी ऐरण घातली. पहिली एसटी साडेसहाला आहे. मी डबा उभा कापीन, बूड सोडवीन, तीन पाकळ्या एकेक करून सरळ करीन. हात थरथरला तरी चालेल, तेवढं मला येतं. मग जयवंत पुडी सोडेल आणि अंगठी वर ठेवेल. ती बसेल. मी बसलेली पाहिली आहे.